३५ अंशांच्या पलीकडे

नव्या लॅपटॉपच्या खोक्यात एक पातळ पुस्तिका येते. ती बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी जाते आणि तिथेच राहते. तिच्यात, नाहीतर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या मोठ्या मॅन्युअलमध्ये, एक ओळ जवळजवळ हमखास सापडते: हे यंत्र अमुक ते अमुक तापमानात वापरावं. खालची हद्द कुठे ५ अंश, कुठे १०. वरची बहुतेकांची एकच, ३५ अंश सेल्सिअस.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात होळी झाली की दुपारचा पारा ही हद्द ओलांडतो आणि मृगाचा पाऊस धरेपर्यंत मागे येत नाही. मे महिन्यात ४४-४५ अंशांचं कुणाला काही वाटत नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे तर तो ४७ लाही टेकतो. म्हणजे वर्षातले तीन महिने आमच्या भागातला प्रत्येक लॅपटॉप, तो बनवणाऱ्यांच्या लेखी, जिथे चालू नये तिथे चालतो. हे बिल फाडताना कुणी सांगत नाही, आणि बिघाड झाल्यावरही कुणी विचारत नाही की हा ठेवता कुठे.

मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. खोलीवर टिनाचं छप्पर, एक कूलर, एक इन्व्हर्टर, दोन लॅपटॉप. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शाळकरी पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि जुलै महिना लागला की पीक विमा. खरिपाच्या विम्याची मुदत साधारण ३१ जुलैला संपते आणि शेवटच्या आठवड्यात पायरीपासून रस्त्यापर्यंत माणसं बसलेली असतात. त्या आठवड्यात मशीन बंद पडली तर ज्यांची मजुरी बुडाली ती माणसं समोरच असतात. "काऊन वं ताई, चालत नाही का मशीन? उद्या येऊ का मंग?" असं एखादे काकाजी विचारतात, तेव्हा त्यांच्या त्या उद्यामागे वावरातलं एक दिवसाचं काम असतं. मी स्वतः लॅपटॉप उघडायला शिकले त्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण त्यानंतर कळलं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

एका उन्हाळ्यात केंद्रातला एक लॅपटॉप रोज दुपारी दोनच्या सुमाराला आपोआप बंद व्हायचा. सकाळी अगदी ठीक. दुपारी फट्कन अंधार. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला नेऊन दिला. त्यांनी तो आठवडाभर ठेवला, रोज चालवून पाहिला आणि परत दिला, सोबत चिठ्ठी: कोणताही दोष आढळला नाही. ती माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांच्या वातानुकूलित खोलीत दोष नव्हताच. गावी आणला आणि त्याच दुपारी दोन वाजता तो पुन्हा बंद पडला.

हिशेब साधा आहे. आजच्या बहुतेक लॅपटॉपचा प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर यंत्र बंद होतं. पंखा बाहेरचीच हवा आत ओढतो, त्यामुळे आतला भाग त्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. खोलीत २५ अंश असतील तर प्रोसेसरला तापायला ७५ अंशांची मोकळीक मिळते. ४५ असतील तर ५५ चीच. एक चतुर्थांशाहून जास्त मोकळीक उन्हानेच खाल्ली. शहरातल्या खोलीत अर्धा तुंबलेला पंखाही निभावून नेतो, आमच्याकडे तोच पंखा यंत्र बंद पाडतो. म्हणून मी म्हणते की लॅपटॉप ज्या हवेत राहतो ती हवा ज्याला ठाऊक आहे, त्यानेच तो उघडलेला बरा.

त्या उन्हाळ्यात मी तो उघडला. आधी चार्जर काढला, खालचं झाकण काढल्याबरोबर बॅटरीचं कनेक्टर सोडवलं, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवलं, म्हणजे आत उरलासुरला विद्युतभार निघून जातो. मग पंखा काढला. पंख्याची पाती थोडी मळलेली होती, फार नाही. पण पंखा आणि तांब्याच्या बारीक जाळीच्या मधल्या फटीत, जी बाहेरून कुठूनच दिसत नाही, एक करडी गादी बसली होती. चिमट्याने टोक धरून ओढली तर अख्खी एका तुकड्यात बाहेर आली. बोटांत चोळून पाहिली. कापूस होता.

आमच्याकडे यात आश्चर्य काही नाही. दसरा-दिवाळीच्या दरम्यान सीतादहीची पूजा करून कापसाचा पहिला वेचा होतो आणि तिथून फाल्गुनापर्यंत कापूस गावभर असतो. भाव नाही म्हणून लोक विकत नाहीत, घरातली एखादी खोली छताला लागेस्तोवर भरून ठेवतात, आणि त्याच घरात निजणाऱ्यांच्या अंगाला खाज सुटते. माझ्या केंद्राला लागूनच अशी एक खोली आहे. हवेत उडणारा तो तंतू डोळ्याला दिसतही नाही. पण लॅपटॉपचा पंखा मिनिटाला हजारो फेरे घेत दिवसभर हवा ओढत असतो. साधी धूळ जाळीतून बरीचशी निघून जाते. कापसाचा तंतू आडवा अडकतो, त्याला दुसरा गुंततो, आणि त्या दोघांवर मग धूळ बसते. दोन हंगामांत नमदा तयार.

हा नमदा फुंकून जात नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. बरेच जण लॅपटॉप पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारून आणतात. बाहेरून मारलेली हवा तो नमदा उलटा पंख्यावर लोटते, जाळीतून बाहेर काढत नाही. वर त्या टाकीत पाणी आणि तेलाचा अंश असतो, तो थेट आतल्या सर्किट बोर्डावर जातो. आणि हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं, शिवाय फिरता पंखा उलट वीज तयार करतो ती वेगळी. हवा मारायचीच असेल तर रबरी हातपंपाने, पात्यांवर बोट ठेवून. कापसाला मात्र चिमटाच.

प्रोसेसरपासून जाळीपर्यंत उष्णता नेणारी एक चपटी तांब्याची नळी असते, तिच्याबद्दल मला फार जिव्हाळा आहे. ती भरीव नसते. आत अगदी थोडं द्रव, बहुधा पाणीच, आणि बाकी हवा काढून घेतलेली. प्रोसेसरच्या टोकाला त्या पाण्याची वाफ होते, वाफ पंख्याच्या टोकाला धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या खरबरीत अस्तरातून झिरपत परत येते. ना मोटर, ना वीज. वर्षानुवर्षं हे चक्र चालतं. ती नळी वाकवू नये, दाबू नये, चेपली की संपली.

ही नळी आणि प्रोसेसर यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. दोन्ही पृष्ठभाग डोळ्याला गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म खळगे असतात, खळग्यांत हवा राहते, आणि हवा उष्णतेची वाईट वाहक. पेस्ट ती हवा हटवते. काही वर्षांत ती वाळून भुगा होते, आमच्या उन्हात जरा लवकरच. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने स्वच्छ पुसायची, नवी ज्वारीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवायची, आणि वरचे स्क्रू ज्या क्रमाने आकडे कोरलेले असतील त्याच क्रमाने, थोडे थोडे, आलटून पालटून आवळायचे. एकच कोपरा पूर्ण आवळला तर प्रोसेसरच्या नाजूक काचेसारख्या पृष्ठभागाला एका बाजूने दाब बसतो.

स्क्रू हा विषय फार गांभीर्याने घ्यावा लागतो. सगळे सारखे दिसतात पण लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर थेट बोर्डात शिरतो. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लॅपटॉपची आकृती काढायची आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावायचा. मोबाइलवर फोटोही काढावा, पण कागदाची सर फोटोला नाही, कारण कागदावर स्क्रू स्वतः असतो.

हे मला कुणी कॉम्प्युटरवाल्याने शिकवलेलं नाही. तालुक्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान असलेले एक काका आहेत. विहिरीतून काढलेली जळकी पाणबुडी मोटर दिवसभर त्यांच्याकडे येत असते. मल्टिमीटर कसा धरायचा, चालू आणि बंद जोडणी आवाजावरून कशी ओळखायची, चार्जर नुसता १९ व्होल्ट दाखवतो म्हणून चांगला समजायचा नाही, भार पडल्यावर काय दाखवतो ते पाहायचं, हे सगळं त्यांच्याकडून. त्यांनी आयुष्यात लॅपटॉप उघडला नव्हता. माझा पाहिला तेव्हा म्हणाले, "एवढासा तर आहे. याले काऊन भेतेत लोक?"

खरंच का भितात? ज्या घरात फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी पोरगा स्वतः बदलतो, स्टार्टरचे काँटॅक्ट घासून साफ करतो, डवऱ्याचं जू सैल झालं तर संध्याकाळच्या आत नीट करतो, त्याच घरात लॅपटॉप मंद झाला की त्याला म्हातारा ठरवून कोपऱ्यात टाकतात. बहुतेक वेळा तो म्हातारा झालेला नसतो. तापून वेग कमी करत असतो, नाहीतर आतली जुनी हार्ड डिस्क थकलेली असते. हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि तिच्यावर केसापेक्षाही कमी अंतरावर वाचणारं टोक तरंगत असतं. आमच्या रस्त्यांवरून मोटरसायकलच्या डिक्कीत तिने किती वर्षं काढावीत? तिच्या जागी एसएसडी, म्हणजे काहीच न फिरणारी, चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. काम दोन-चार स्क्रूंचं आहे. फक्त विकत घेण्याआधी आपल्या यंत्रात कुठल्या प्रकारची बसते ते उघडून पाहावं, जुन्यात अडीच इंची सॅटा, नव्यांत बहुधा एम.२. रॅमचंही, म्हणजे चालू कामाची माहिती धरणाऱ्या मेमरीच्या पट्टीचंही, तसंच. डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ जातच नाही, पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते.

वर्षाचं माझं वेळापत्रक आता शेतीच्याच मागून चालतं. सोयाबीनची मळणी ऑक्टोबरात होते, थ्रेशर लागला की कुटाराची धूळ गावावर उतरते, त्या दिवसांत मी दार लावून घेते आणि रात्री यंत्रांवर सुती ओढणी टाकते, अर्थात बंद केल्यावर. कापूस घरातून निघाला की, म्हणजे होळीच्या आगेमागे, दोन्ही लॅपटॉप उघडून नमदा काढायचा आणि जरूर असेल तर पेस्ट बदलायची. ही साफसफाई उन्हाळ्यापूर्वी झालीच पाहिजे. उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवायचा नाही. थंड हवा मिळते म्हणून लोक ठेवतात, पण कूलर हवेबरोबर पाण्याचे कण फेकतो आणि आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की कूलरच्या जाळीवर पांढरी पुटं चढतात. तीच पुटं यंत्राच्या आत कशाला हवीत? झोताच्या बाजूला, पण त्याच खोलीत, एवढं पुरे.

मृगाच्या आधीचं काम मात्र लॅपटॉपच्या बाहेरचं आहे. ते म्हणजे अर्थिंग.

धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असताना हाताला चुणचुण लागते, ही तक्रार आमच्याकडे घरोघरी ऐकू येते. तीन पिनांच्या चार्जरमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर बसवलेले असतात आणि त्यांतून अगदी किंचित वीज तिसऱ्या पिनेवाटे जमिनीत जावी अशी रचना असते. तिसरी पिन जमिनीला पोचतच नसेल तर ती वीज यंत्राच्या अंगावर राहते आणि आपल्या बोटांतून वाट शोधते. पिन तोडून दोन भोकांच्या बोर्डात घुसवलेले चार्जर मी रोज पाहते. आणि जिथे अर्थिंग आहे तिथेही एप्रिल-मेमध्ये काळी माती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो. मीठ-कोळसा भरलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओतलं पाहिजे. सर्ज प्रोटेक्टर कितीही महागाचा घ्या, तो जादाची वीज ढकलणार जमिनीतच, आणि जमीन जोडलेली नसेल तर त्याचा अर्धा उपयोग गेला.

विजा कडाडायला लागल्या की चार्जर आणि राउटर दोन्ही भिंतीतून काढायचे. बटण बंद करून भागत नाही, पिन बाहेर आली पाहिजे, आणि इंटरनेटची तार तांब्याची असेल तर तीही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी हे अॅप आसपास पडणाऱ्या विजांचा इशारा देतं, शेतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावं. विजेच्या कमी दाबाची मला एवढी काळजी वाटत नाही. रात्री थ्री फेज आला आणि मोटरपंप चालू झाले की दिवे मिणमिणतात, पण चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं ते खरं असतं, तो सांभाळून घेतो. भीती डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल तुटण्याची. मग घरात २३० च्या जागी त्याहून कितीतरी जास्त दाब येऊ शकतो. बल्ब एकदम झगझगीत झाला की आधी मेन स्विच पाडावा, बाकी विचार मागून.

बॅटरीच्या बाबतीत माझी एक हद्द ठरलेली आहे. बदलते, पण तिचा पॅक फोडत नाही. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असतो तेव्हा ४.२ व्होल्टच्या आसपास असतो. भरलेली अवस्था आणि उष्णता या दोन्ही एकत्र आल्या की तो फार लवकर झिजतो. लोडशेडिंगच्या धाकाने आपण लॅपटॉप दिवसरात्र १०० टक्क्यांवर, टिनाखाली, लावून ठेवतो. याहून वाईट वागणूक त्या बॅटरीला देता येणार नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० किंवा ६० टक्क्यांना चार्जिंग थांबवण्याची सोय असते, सेटिंगमध्ये नाहीतर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, ती शोधून उन्हाळ्यात चालू करावी. टचपॅड वर आलं, झाकण बसेना, लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगलेली आहे. दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंग त्याच क्षणी बंद. काढलेली बॅटरी उकिरड्यावर टाकायची नाही, तिथे गुरं फिरतात आणि लोक पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटवतात. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, बॅटरीच्या कचऱ्याचे नियमही २०२२ चेच, आणि दोन्हींत माल परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण गोळा करणारी जागा तालुक्याच्या गावी असली पाहिजे ना. मी जुन्या बॅटऱ्या वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवते आणि कुणी शहराकडे निघालं की पाठवते. पंचायत समितीच्या आवारात अशी एक पेटी असावी ही मागणी मी करत आले आहे आणि करत राहणार.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टलही सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली आहेत. शेतीची अवजारं आणि लॅपटॉप एकाच यादीत आले याचा मला मनापासून आनंद झाला. आमच्या गावात ते एकाच ओसरीवर असतात. मात्र यादी होऊन पुरत नाही, सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि उघडण्याची पद्धत छापलेली मिळाली पाहिजे. काही कंपन्या हे करतात. लेनोवोच्या थिंकपॅडचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल कुणालाही फुकट उतरवून घेता येतं, कुठला स्क्रू किती लांबीचा इथपर्यंत त्यात असतं. आयफिक्सिट ही २००३ मध्ये सुरू झालेली अमेरिकेतली मंडळी हजारो यंत्रं फोटोंसकट उलगडून दाखवतात. माझ्या मते गावात लॅपटॉप घेणाऱ्याने आधी हे पाहावं की खालचं झाकण साध्या पेचकसाने निघतं का, रॅम बोर्डाला डाखलेली आहे की पट्टीची, बॅटरी चिकटवलेली आहे की स्क्रूची. पातळपणा आणि चमक त्यानंतर. ऑफिसांतून निघालेले जुने, जाड, मजबूत लॅपटॉप नागपूरच्या सीताबर्डीत मिळतात, आमच्या हवेला ते नव्या पातळ लॅपटॉपपेक्षा जास्त मानवतात असा माझा अनुभव आहे.

शेजारची एक मुलगी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करते. होळीच्या साफसफाईला ती माझ्यासोबत बसते. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, रिबन केबलचं कुलूप ती नखाने इतकं अलगद उचलते की पाहत राहावं. या दिवाळीत ती गोंदिया जिल्ह्यात मामाकडे गेली होती. तिथे मामेभावाचा लॅपटॉप तापत होता, तो तिने उघडला आणि मला फोटो पाठवला. खाली प्रश्न: "ताई, इथं नमदा नाहीच. नुसती पिवळी भुकटी आहे, सगळीकडे. चिमट्याने काय धरू?"

फोटो मोठा करून पाहिला. घराजवळ धानाची गिरणी असणार, ती कोंड्याची धूळ होती. कोरडी, बारीक, जाळीच्या कडेपासून रॅमच्या खाचेपर्यंत पसरलेली. मी तिला लिहिलं की चिमटा ठेवून दे. रंगाचा मऊ, कोरा ब्रश घे, लॅपटॉप उभा धर म्हणजे भुकटी खाली पडेल, आत सरकणार नाही. तोंडाने फुंकू नको, श्वासात ओल असते, कोंडा तिथेच चिकटेल. रॅमची पट्टी काढून सोनेरी टोकं अल्कोहोलने पूस. आणि तिथली गिरणी वर्षातले किती महिने चालते ते मामांना विचारून ठेव, पुढची साफसफाई कधी करायची ते त्यावरून ठरेल.